महिन्याला तीस युनिट

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे दरआदेश कोणी हौसेने वाचत नाही. शेकडो पानांचे बाड, त्यात तक्त्यांमागून तक्ते, महावितरणचे म्हणणे, हरकतदारांचे म्हणणे आणि मग आयोगाचा निर्णय. या बाडाच्या शेवटी दरपत्रक असते आणि त्यात घरगुती ग्राहकांच्या यादीत सर्वांत वर दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांचा एक छोटा वर्ग असतो. या वर्गात कोण बसतो? ज्याचा मंजूर भार पाव किलोवॉटपर्यंत आहे आणि ज्याने मागच्या आर्थिक वर्षात ३६० युनिटांच्या आतच वीज वापरली आहे, तो. वर्षाअखेर त्याचा वापर तपासायचा आणि ३६० ओलांडले असतील तर त्याला साध्या घरगुती वर्गात टाकायचे. त्याला जोडून आणखी एक वाक्य आहे: एकदा बाहेर गेलेला ग्राहक, पुढे त्याचा वापर कितीही घटला तरी, या वर्गात परत येऊ शकत नाही.

३६० ला बाराने भागले की महिन्याचे तीस युनिट, म्हणजे दिवसाला एक. गरिबाच्या घराला किती वीज पुरे, याचे सरकारी उत्तर गेली वीस वर्षे हेच आहे. हा आकडा आणि त्यामागची सवलतीची कल्पना कुठून आली हे शोधायला निघालो की लवकरच एक गोष्ट ध्यानात येते. गरिबाला स्वस्त द्यावे हा विचार बराच उशिराचा आहे. त्याआधी बराच काळ गरिबाकडून जास्त घेतले जात होते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते.

सुरुवात विजेच्याही आधी, गॅसपासून करावी लागते. १८८० च्या दशकापर्यंत इंग्लंडमधल्या गॅस कंपन्यांना मजुरांच्या वस्त्यांत रस नव्हता. तिथल्या माणसाकडे तीन महिन्यांचे बिल एकदम भरायला पैसे नसत, अनामत ठेवायला तर नसतच, आणि भाड्याच्या खोलीत राहणारा तो आज इथे तर उद्या तिथे. बर्मिंगहॅमच्या ब्राउनहिल याने १८८७ मध्ये नाणे टाकून चालणाऱ्या गॅस मीटरचे पेटंट घेतले आणि कंपन्यांची अडचण सुटली. एक पेनी टाकली की तेवढ्यापुरता गॅस येई आणि तो संपला की शेगडी विझे. लंडनच्या साउथ मेट्रोपॉलिटन कंपनीने १८९२ पासून असे मीटर कामगारांच्या घरी बसवायला घेतले. शेगडी आणि नळ्या कंपनीच देई, मात्र त्यांचे भाडे त्याच पेनीतून कापले जाई. त्यामुळे बिल भरणाऱ्या सुखवस्तू घराला जेवढ्या पैशात जेवढा गॅस मिळे, त्याहून कमी या नाणेवाल्याला मिळे. कंपनीला यात अन्याय दिसत नव्हता. तिच्या दृष्टीने ती सेवा होती, आणि सेवेला खर्च असतो. ब्रिटनमध्ये आगाऊ पैसे भरणाऱ्या मीटरवरचा हा चढा आकार सरकारने बंद केला तो २०२३ च्या जुलैत. पेटंटपासून मोजले तर मधे १३६ वर्षे गेली.

आपल्याकडे २०२४ मध्ये स्मार्ट प्रीपेड मीटरवरून गावोगाव मोर्चे निघाले, तेव्हा हा इतिहास कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण लोकांची भीती तीच होती: रिचार्ज संपला की अंधार. त्या वर्षीच्या जूनमध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना सामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर बसवणार नाही असे जाहीर करावे लागले.

वीज आली ती वेगळे गणित घेऊन. जॉन हॉपकिन्सन या इंग्लिश अभियंत्याने १८९२ मध्ये एका व्याख्यानात विजेच्या खर्चाची फोड करून दाखवली. कोळसा जाळण्याचा खर्च त्यात थोडा असतो. मोठा खर्च असतो तो ग्राहक बटण दाबील त्या क्षणाला वीज तयार ठेवण्याचा, म्हणजे यंत्रांचा, तारांचा, माणसांचा. म्हणून बिलाचे दोन भाग हवेत, एक तयारीचा आणि एक वापराचा. आज तुमच्या-आमच्या बिलावर ‘स्थिर आकार’ आणि ‘वीज आकार’ अशा दोन वेगळ्या ओळी दिसतात त्यांचे मूळ हे. ब्रायटन शहरात आर्थर राइट याने याच तत्त्वावर मीटर चालवले होते. शिकागोचा वीजसम्राट सॅम्युअल इन्सल याने ते तिथे जाऊन पाहिले आणि अमेरिकेत नेले. यंत्रे उभी आहेतच, तर ती जितकी जास्त चालतील तितका प्रत्येक युनिटमागचा खर्च कमी. मग जो जास्त वीज घेईल त्याला पुढचे युनिट स्वस्त द्यायचे. पहिली काही युनिटे महाग, पुढची स्वस्त, त्यापुढची आणखी स्वस्त, असा उतरता जिना अमेरिकेच्या वीजदरात १९७० च्या दशकापर्यंत टिकला. एक-दोन दिवे जाळणारे घर या जिन्याच्या सर्वांत महाग पायरीवर उभे असे. गरिबाला लुबाडायचा कोणाचा हेतू नव्हता, हिशेबच तसा लागत होता. दराच्या राजकारणात ही अवस्था मला सर्वांत धोक्याची वाटते, कारण भांडायला समोर कोणी सापडत नाही.

मुंबईने हे सगळे जवळून पाहिले. रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ मध्ये लागले. क्रॉफर्ड मार्केटात १८८२ साली विजेचा प्रयोग झाला, पण वीज पुरवणारी कंपनी लवकरच बुडाली. पुढे १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. खोपोलीची वीज घाटाखालून निघाली ती गिरण्यांसाठी. गिरणी विजेवर चालू लागल्यानंतरही तीत राबणाऱ्याच्या खोलीत रॉकेलचा दिवाच होता, आणि ते रॉकेल पुढे पन्नास-साठ वर्षे रेशनच्या रांगेतून, सरकारी सवलतीने येत राहिले. गरिबाच्या उजेडाला आपल्या देशात पहिली सवलत मिळाली ती रॉकेलवर.

विजेबद्दल नवा विचार ज्यांनी मांडला त्यांत एका नावाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्या खात्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी सार्वजनिक बांधकामे आणि वीज यांच्या धोरण समितीपुढे केलेल्या भाषणात त्यांनी वीज सरकारी मालकीची असावी की खाजगी, या वादाला वेगळी कसोटी लावली. जी व्यवस्था देशाला नुसती स्वस्त नव्हे, सर्वांत स्वस्त आणि मुबलक वीज देईल ती घ्यावी. विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय जमिनीवर अवलंबून असलेल्या लोकांची दारिद्र्यातून सुटका नाही, असा त्यांचा धागा होता. स्वस्ताई सगळ्या व्यवस्थेचा गुण असावा असे त्यांना वाटत होते, एका वर्गापुरती सवलत त्यांच्या मनात नव्हती. २०२१ मध्ये महावितरणने अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना पाचशे रुपये अनामत पाच हप्त्यांत भरून वीजजोडणी देणारी योजना काढली आणि तिला बाबासाहेबांचे नाव दिले. त्यांच्या त्या भाषणाशी या योजनेचे नाते तसे लांबचेच.

१९४८ च्या वीज पुरवठा कायद्याने राज्यांत मंडळे आली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० ला उभे राहिले आणि त्यानंतरची पंधरा-वीस वर्षे गावात वीज गेली म्हणजे मुख्यतः विहिरीवर गेली. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले तेही पंपांचा विचार पुढे ठेवून. धान्य पिकवायचे होते, आणि ते धोरण त्या काळाला धरून होते. पण त्याचा एक परिणाम असा की १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की ते गाव ‘विद्युतीकृत’ ठरे. एका बागायतदाराचा पंप चालू झाला की कागदावर सगळे गाव उजळे. किमान दहा टक्के घरांत वीज असल्याशिवाय गाव विद्युतीकृत म्हणायचे नाही, हा नियम २००४ साली आला. पंपांना अश्वशक्तीवर ठोक दर लागू झाल्याने त्यांचे मीटरही गेले. गरिबाच्या दिव्याला सवलत द्यायची वेळ आली, तोवर शेतीच्या सवलतीने मंडळाचा हिशेब धूसर करून ठेवला होता.

कल्पनेला खरे वळण मिळाले ते दूर कॅलिफोर्नियात. १९७३ च्या तेलसंकटानंतर विजेची-गॅसची बिले भडकली. पेन्शनर, भाडेकरू आणि ग्राहकांच्या संघटना रस्त्यावर आल्या आणि त्यांनी उतरत्या जिन्यावरच बोट ठेवले. उधळणाऱ्याला स्वस्त आणि काटकसर करणाऱ्याला महाग, हे कसले गणित? १९७५ मध्ये तिथे मिलर-वॉरन कायदा झाला. दिवे, स्वयंपाक, फ्रिज, पाणी तापवणे आणि घर उबदार ठेवणे यांना लागेल इतकी ऊर्जा ही गरज मानायची, तेवढी सर्वांना कमी दराने द्यायची आणि तिच्यावरच्या वापराला चढा दर लावायचा. तिथे याला ‘लाइफलाइन’ दर म्हणू लागले. जिना उलटा झाला.

या कायद्यात गरिबीची अट नव्हती. पहिला टप्पा सर्वांना स्वस्त होता, बंगल्यालाही. गरीब कमी वापरतात, म्हणून त्यांना आपोआप फायदा होईल असे गृहीत धरले होते. गडबड तिथेच निघाली. गळक्या खिडक्यांच्या जुन्या घरात हीटर जाळणारे मोठे कुटुंब भरपूर वीज खाई, आणि एकटा राहणारा श्रीमंत, दिवसभर बाहेर असल्यामुळे, अगदी कमी. म्हणून १९८० च्या दशकात अमेरिकेने वाट बदलली. ओहायोने १९८३ मध्ये बिल उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांवर बांधले. कॅलिफोर्नियाने १९८९ पासून उत्पन्नाची मर्यादा घालून वेगळी सवलत सुरू केली, आणि ती आज विजेवर ३० ते ३५ टक्के आणि गॅसवर २० टक्के मिळते. सर्वांसाठीचा पहिला टप्पाही त्यांनी ठेवला, पण तो हवामानाच्या पट्ट्यांप्रमाणे वेगवेगळा. वाळवंटातल्या घराला उन्हाळ्यात जास्त युनिट, समुद्रकाठच्या घराला कमी. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे विदर्भाकडे येताना तिची गरज लागेल.

आपल्याकडे याच सुमाराला सवलत युनिटला नव्हे, बल्बला चिकटली. मध्य प्रदेशात त्याला सरळ ‘एकबत्ती कनेक्शन’ म्हणत, कर्नाटकात ‘भाग्यज्योती’. झोपडीत एक दिवा, मीटर बहुधा नाही, महिन्याला किरकोळ ठोक रक्कम किंवा तीही माफ. १९८८-८९ मध्ये केंद्राने ‘कुटीर ज्योती’ काढली आणि दारिद्र्यरेषेखालच्या ग्रामीण घराला एका दिव्याच्या जोडणीचा खर्च अनुदान म्हणून दिला. गरीब घर म्हणजे एक बल्ब, ही व्याख्या त्या दहा वर्षांत पक्की झाली. सोय म्हणून ती वाईट नव्हती. पण एकदा तार घरात आली की कोण एका बल्बवर थांबेल? होल्डरमधूनच वायर काढून रेडिओ, मग पंखा, मग टीव्ही. वायरमनला हे दिसे आणि तो डोळेझाक करी, कारण तोडायचे तर अख्खी वस्ती तोडावी लागली असती. ज्यांना जोडणीच मिळाली नाही त्यांनी आकडे टाकले. दहा वर्षांनी मंडळांच्या वहीत या जोडण्यांपुढे थकबाकी साचली आणि कित्येक जोडण्या कायमच्या तुटल्या. जोडणी फुकट देणारे सरकार दरमहाच्या बिलाची व्यवस्था लावायला विसरले होते.

१९९० च्या दशकात मंडळेच बुडीत निघाली आणि सवलतींचा हिशेब मागितला जाऊ लागला. महाराष्ट्रात त्याला एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी झालेल्या दाभोळ वीज कराराची पार्श्वभूमी होती. दाभोळची महाग वीज मंडळाच्या गळ्यात पडली तेव्हा पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेने, गिरीश संत, शंतनू दीक्षित यांच्यासारख्या अभियंत्यांनी, कराराचे आकडे सामान्य वाचकाला कळतील असे मांडले. १९९९ मध्ये राज्याचा वीज नियामक आयोग आला आणि मंडळाला प्रथमच जनसुनावणीत हिशेब द्यावा लागला. पंधरा-सतरा टक्के म्हणून सांगितलेली गळती तिथे तीस टक्क्यांच्या वर निघाली. शेतकऱ्याच्या नावावर दाखवलेली बरीच वीज शेतात पोचलीच नव्हती. स्वस्त विजेचा दोष गरिबाच्या आणि शेतकऱ्याच्या माथी मारणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर वाचावा.

मग आला २००३ चा वीज कायदा. या सगळ्या कथेची किल्ली त्याच्या ६२ व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात आहे. आयोगाने ग्राहकाग्राहकांत भेदभाव करायचा नाही, फरक करायचाच तर कोणत्या कारणांनी करता येईल याची तिथे यादी दिली आहे: भार घटक, पॉवर फॅक्टर, व्होल्टेज, ठरावीक काळातला एकूण वापर, पुरवठ्याची वेळ, भौगोलिक स्थान, पुरवठ्याचे स्वरूप आणि प्रयोजन. यादीत गरिबी नाही. ग्राहक गरीब आहे म्हणून त्याला वेगळा दर लावा, असे हे पोटकलम म्हणत नाही. ‘एकूण वापर’ मात्र आहे. म्हणून गरिबी वापरातून मोजायची. ६५ वे कलम म्हणते की राज्य सरकारला कोणाला स्वस्त वीज द्यायची असेल तर त्याने अनुदान आगाऊ भरावे. आणि मूळ ६१ व्या कलमात एका वर्गाच्या बिलातून दुसऱ्याला दिली जाणारी क्रॉस सबसिडी कमी करत संपवावी असे होते. त्यातला ‘संपवावी’ हा भाग २००७ च्या दुरुस्तीने काढला.

तीस युनिट प्रथम दिसतात ते २००५ च्या फेब्रुवारीतल्या राष्ट्रीय वीज धोरणात. २०१२ पर्यंत प्रत्येक घराला दिवसाला किमान एक युनिट, असे उद्दिष्ट त्यात आहे. त्याच यादीत दुसरे उद्दिष्ट आहे, २०१२ पर्यंत दरडोई वर्षाला हजार युनिट विजेची उपलब्धता. दरडोईच्या आकड्यात कारखाने, रेल्वे, दुकाने सगळे येतात हे मान्य. तरीही पाच माणसांच्या गरीब घराला वर्षाचे ३६० युनिट म्हणजे माणशी ७२. हजाराचे आणि बहात्तराचे स्वप्न एकाच यादीत शेजारी शेजारी बसवणाऱ्याचा हात थोडाही अडखळला नसेल का? जानेवारी २००६ च्या दरधोरणाने पुढचा तपशील भरला. महिन्याला सुमारे तीस युनिटांच्या आत वापरणाऱ्या दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला क्रॉस सबसिडीतून आधार द्यावा, पण त्याचा दर सरासरी पुरवठा खर्चाच्या निम्म्याखाली नको. दक्षिण आफ्रिकेने २००३ मध्येच गरीब घरांना महिन्याला पन्नास युनिट फुकट देण्याचे धोरण आणले होते. तिथले पन्नास आणि इथले तीस, दोन्हीही दिवे, टीव्ही आणि जरा काही, या हिशेबावर बेतलेले.

महाराष्ट्राच्या आयोगाने निम्म्याच्या अटीपेक्षा उदार दर लावला. त्या सुमाराच्या आदेशांत या वर्गाला महिना तीन रुपये स्थिर आकार आणि युनिटला ४० पैसे होते. तीस युनिटांचे बिल पंधरा रुपये. सरासरी खर्च तेव्हा युनिटला काही रुपयांत होता. मंजूर भाराची मर्यादा आधी ०.१ किलोवॉट, म्हणजे शंभर वॅट होती, नंतर ती पाव किलोवॉट झाली.

या तीस युनिटांत काय मावते? साठ वॅटचा पिवळा बल्ब रोज पाच तास जाळला तर महिन्याला नऊ युनिट. एलईडी आल्यावर हे चित्र पालटले. २०१५ मध्ये ‘उजाला’ योजनेतून नऊ वॅटचे एलईडी स्वस्तात मिळू लागले. असे दोन दिवे रोज सहा तास लावले तरी महिन्याला साडेतीन युनिटसुद्धा होत नाहीत. आकडा तीसच राहिला, पण त्यात मावणारा संसार वाढला. आता पंखा धरा. पंचाहत्तर वॅटचा छताचा पंखा रोज दहा तास चालला तर महिन्याला साडेबावीस युनिट. दिवे आणि पंखा मिळून सव्वीस. उरलेल्या चारांत मोबाइल चार्ज करा आणि जमेल तेवढा टीव्ही बघा. फ्रिज आणला की तो एकटाच जवळपास तीस खातो. मिक्सरची गोष्ट आणखी गमतीची. तो साधारण पाचशे वॅटचा असतो, म्हणजे नियमाच्या पुस्तकाप्रमाणे चटणी वाटणारी बाई मंजूर भाराच्या दुप्पट भार टाकते. इस्त्री तर त्याहून मोठा गुन्हा.

मे महिन्यातल्या चंद्रपुराचा विचार करा. पत्र्याखालच्या खोलीत पंखा चोवीस तास फिरतो आणि एकटा महिन्याला चोपन्न युनिट घेतो. कूलर असेल तर विचारूच नका. हिशेब वार्षिक आहे म्हणून थंडीत शिल्लक पडलेली युनिटे उन्हाळ्यात वापरता येतात, एवढी दया या नियमात आहे आणि तिचे श्रेय आयोगाला द्यायला हवे. पण चंद्रपूर आणि महाबळेश्वर यांना ३६० चीच फूटपट्टी. ‘भौगोलिक स्थान’ हे कारण ६२ व्या कलमात लिहिलेले असताना कॅलिफोर्नियाने चार दशकांपूर्वी केले ते इथे करायला कायद्याची आडकाठी दिसत नाही.

याहून मोठा प्रश्न वापर आणि गरिबी यांच्या जोडीचा. पुण्याचा माणूस कोकणात घर बांधून ठेवतो आणि वर्षातून चार वेळा जातो. त्या घराचा वापर नगण्य. मंजूर भार जास्त असल्याने ते दारिद्र्यरेषेच्या वर्गात येत नाही हे खरे, पण शंभर युनिटांपर्यंतच्या स्वस्त टप्प्याचा लाभ त्याला मिळतोच. उलट मुंबई-ठाण्यातल्या वस्तीत एका मीटरवर तीन-चार बिऱ्हाडे असतात. त्यांची मिळून तीनशे-चारशे युनिटे होतात, बिल वरच्या टप्प्यात जाते आणि खोलीमालक सबमीटर लावून आपल्या मनाचा दर घेतो. गरिबातला गरीब भाडेकरू महावितरणच्या किंवा बेस्टच्या नजरेला ग्राहक म्हणून दिसतच नाही. मीटर ज्याच्या नावावर, सवलत त्याची. अमेरिकेला १९७० च्या दशकात कळलेली ही चूक आपण पन्नास वर्षांनी जशीच्या तशी बाळगून आहोत.

दरम्यान राजकारण तीस युनिटांच्या बरेच पुढे गेले. तमिळनाडूने २०१६ मध्ये दोन महिन्यांच्या बिलातली पहिली शंभर युनिटे सर्वांना माफ केली. दिल्लीने ऑगस्ट २०१९ पासून दोनशे युनिटांपर्यंतचे बिल शून्य केले, पंजाबने जुलै २०२२ पासून महिन्याला तीनशे युनिट, कर्नाटकाने २०२३ मध्ये ‘गृहज्योती’तून दोनशेपर्यंत. तमिळनाडूचा मार्ग मला त्यातल्या त्यात सरळ वाटतो, कारण पहिली शंभर युनिटे सर्वांना सारखी असल्यामुळे कोणी कड्यावरून खाली पडत नाही. पंजाबात सर्वसाधारण घराने दोन महिन्यांत सहाशेच्या वर एक युनिट जाळले की सगळे बिल अंगावर येते, आणि लोकांनी त्यावर उपाय काढला: एका घरात दोन मीटर, एक वडिलांच्या नावाने, एक मुलाच्या. महाराष्ट्रात ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी २०२० मध्ये शंभर युनिट मोफत देण्याचा विचार बोलून दाखवला, तो तसाच राहिला. त्याआधी २००४ च्या निवडणुकीपूर्वी शेतीपंपांना दिलेली मोफत वीज निवडणुकीनंतर काही महिन्यांत मागे घेतली गेली होती. मतदाराची स्मरणशक्ती किती महिन्यांची आहे याचा अंदाज आपल्याकडे राजकारण्यांना आयोगापेक्षा जास्त चांगला असतो.

आपल्याकडच्या तीस युनिटांच्या सवलतीचे पैसे आजवर कारखाने, दुकाने आणि जास्त वापरणारी घरे यांच्या बिलातून येत होते. आता तेच ग्राहक छतावर सौर पॅनेल टाकून, स्वतःचा प्रकल्प उभारून किंवा खुल्या बाजारातून वीज घेऊन बाहेर पडत आहेत. भरणारे कमी होत चालले आहेत. म्हणून २०२५ मध्ये राज्य सरकारने वेगळा डाव टाकला आहे. ‘स्मार्ट’ नावाच्या योजनेत दारिद्र्यरेषेखालचे सुमारे दीड लाख आणि शंभर युनिटांच्या आत वापरणारे साडेतीन लाखांच्या आसपास ग्राहक धरले आहेत. केंद्र आणि राज्य मिळून एक किलोवॉटच्या सौर संचाचा बहुतेक खर्च देणार, दारिद्र्यरेषेखालच्या घराने अडीच हजार रुपये घालायचे. असा संच महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट देतो. कल्पना चांगली आहे. पण तिला पक्के छप्पर लागते आणि ते स्वतःचे असावे लागते. सबमीटरवरचा भाडेकरू पुन्हा बाहेरच.

आता सुरुवातीला आलेल्या त्या वाक्याबद्दल, एकदा बाहेर पडलेला परत येऊ शकत नाही त्या. एखाद्या उन्हाळ्यात घरात आजारी माणूस असतो, पंखा रात्रंदिवस चालतो, लग्नाला पाहुणे येऊन राहतात, आणि वर्षाचे ३६१ युनिट होतात. पुढच्या वर्षी तेच घर दोनशेवर आले तरी नियमाप्रमाणे ते कायमचे वर. गरिबी अशी एकदाच ओलांडायची रेषा नसते, लोक तिच्यावर-खाली होत राहतात. वर्षाअखेर तपासणी करायचीच असते, तर तीच तपासणी उलट दिशेनेही करता येईल. त्याला नवा पैसा लागत नाही, केंद्राची परवानगी लागत नाही, एक वाक्य वगळावे लागते.

दरनिश्चितीच्या प्रत्येक प्रस्तावावर आयोग जनतेच्या सूचना-हरकती मागवतो आणि त्यांचा विचार करून आदेश देतो, हे वीज कायद्याच्या ६४ व्या कलमात आहे. सूचना मराठीत साध्या कागदावर लिहून पाठवता येते, वकील लागत नाही. तिथे उद्योगांच्या संघटना तयारीने येतात, यंत्रमागवाले येतात, शेतकरी संघटना येतात. तीस युनिटवाल्यांच्या वतीने बोलायला सहसा कोणी नसते. पुढच्या वेळी जाहिरात निघेल तेव्हा हे एक वाक्य काढून टाकावे आणि विदर्भ-मराठवाड्याची मर्यादा वाढवावी, अशा दोन ओळी तुम्ही जरूर लिहून पाठवा.